कडी

परत आलो तेव्हा न्हाणीच्या दाराला कडी नव्हती.
स्क्रूंची चार भोकं होती
आणि भोवती जुन्या रंगाचा चौकोन,
कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर राहतो तसा.

कोणी काढली, मी विचारलं नाही.
गुलजमान कांदा चिरत होता.
राजलिंगू म्हणाला, हात धुऊन ये, भात झालाय.
म्हणजे आत जा,
दार नुसतं लोटून घे.

गुदैबियातली ही खोली. सहा माणसं, एक न्हाणी.
आत कुणी आहे की नाही, आता कळायचं कसं?
म्हणून जो तो आवाज करतो.
राजलिंगू त्याच्याकडची लग्नातली गाणी म्हणतो,
गुलजमान पश्तूत आकडे मोजतो,
बिष्णू नुसता खोकतो,
सुनेला चाहूल द्यायला सासरा खोकतो तसा.
माझ्यापायी पाच जणांनी आपली लाज
टॉवेलसारखी बाहेर टांगली.

मला पहिले पंधरा दिवस आवाजच नव्हता.
बिष्णू बाहेरून विचारायचा, पाष्टेभाई, है?
मी म्हणायचो, है.
तेवढंच.
मस्टरवर सही करावी तसं.

मी लिफ्टचा मेकॅनिक. अकरा वर्षं मनामात.
माणसं अडकतात, दोन मजल्यांच्या मध्ये, भर ऑगस्टात.
मी फटीला तोंड लावून सांगतो,
घाबरू नका, हवा आत येते,
दार उचकटू नका, मी इथंच उभा आहे.
एकदा आत एक म्हातारी होती, अरबी.
मला येणारी अरबी दोन मिनिटांत संपली,
मग मराठीतच बोलत राहिलो,
फणसाचं, गाभण म्हशीचं, देवरुखच्या एसटीचं.
बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं
ते सोडेचना.

त्या रात्री यातलं काही म्हणता काही आठवलं नाही.
लिफ्टमध्ये घंटीचं पिवळं बटण असतं.
लोक ते सगळ्यात शेवटी दाबतात.
आधी लाजतात.

डॉक्टरबाई सुदानच्या. मंगळवारी जायचं.
जेवलात का विचारावं
तसं विचारतात, मरणाचा विचार आला होता?
मी म्हटलं, शनिवारी आला.
छत कोसळलं नाही.
मग काय केलंत?
गुलजमानला उठवलं. पहाटेचे तीन.
त्यानं शिव्या देत चहा केला,
उजाडेपर्यंत समोर बसून राहिला.
बाईंनी लिहून घेतलं, चहासुद्धा.

इंदूला मी तिसऱ्या महिन्यात सांगितलं.
बहीण माझी. फोनवर बराच वेळ काही नाही,
नुसत्या कुकरच्या शिट्ट्या, मोजल्या तीन.
मग म्हणाली, दादा,
आजवर ठीक ठीक म्हणत आलास
आणि मीही ऐकत आले.
या महिन्यात पैसे धाडू नको. फोन कर.
बरं नसेल तर बरं नाही म्हण,
मी गॅस बंद करून बसते.

एकटेपणा गेला असं नाही.
शुक्रवारी दुपारी सगळे झोपले की येतोच,
एसीच्या घरघरीत पाय पसरून बसतो.
मी उठून तांदूळ निवडतो.
कधी जमतं. कधी तांदूळ तसाच राहतो,
मग कुणालातरी हलवतो. जो जवळ असेल त्याला.

परवा अंगाला साबण लावलेला
आणि तोंडातून एकोणतीसचा पाढा निघाला,
गुरुजींनी कान पिळून घेतलेला.
एकोणतीस सक... अडलो.
सक, सक, तीनदा म्हटलं.
बाहेर कांदा चिरणं थांबलं.
पुढचं म्हटलं,
मग सुरी पुन्हा चालू झाली.

काल तीनशे फिल्स देऊन नवी कडी आणली.
बिष्णूनं उलटसुलट करून पाहिली.
अच्छी है, म्हणाला,
आणि चहाच्या डब्यामागे ठेवून दिली.
आत गुलजमान मोजत होता,
साठापर्यंत आला असेल.
त्याच्यामागे माझा नंबर.